हार्लेमचे दोन डिटेक्टिव्ह

आपल्या साहित्याच्या पंगतीत रहस्यकथेचे पान कधी मांडले गेले नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांवर पुस्तके लिहिली, गिरणगावापासून तालुक्याच्या एस.टी. स्टँडपर्यंत ती वाचली गेली; पण वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. माझ्या घरात शिरलेले पहिले छापील पुस्तक अर्नाळकरांचेच होते. मालधक्क्यावर हमाली करणाऱ्या माझ्या वडिलांनी ते रद्दीतून आणले होते आणि त्याची शेवटची पाने फाटून गेलेली होती. खुनी कोण, हे आम्हाला कधीच कळले नाही. वडील रात्री ते अडखळत वाचून दाखवीत आणि शेवट स्वतः रचून सांगत. दरवेळी खुनी निराळा. मात्र तो नेहमी कुणीतरी मोठा माणूस असे. कधी सावकार, कधी गिरणीमालक, एकदा तर खुद्द फौजदारच.

पुढे मी इतिहास शिकवू लागलो आणि अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्यासंबंधी वाचताना चेस्टर हाइम्स या लेखकाशी गाठ पडली. दलित साहित्याने या साहित्याशी नाते जोडले त्याला आता अर्धशतक उलटले. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्याची ओळख मराठीत करून दिली. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, जेम्स बॉल्डविन ही नावे आपल्या चर्चासत्रांत रुळली. (निग्रो हा त्या काळचा शब्द. तो समाज आता स्वतःला ब्लॅक म्हणवतो, म्हणून मी काळे असेच लिहितो.) हाइम्स मात्र आपल्याकडे फारसा आला नाही. त्याचे कारण उघड आहे. त्याने पोलिसांच्या आणि खुनांच्या गोष्टी लिहिल्या, आणि त्या स्वस्त कागदावर, भडक मुखपृष्ठ लावून विकल्या गेल्या. विद्रोह कवितेत शोभतो, आत्मकथनात शोभतो; खुनाच्या गोष्टीत तो असू शकतो हे प्रस्थापित समीक्षेला पटत नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही पटलेले नाही.

हाइम्सचा जन्म १९०९ मध्ये मिसुरी राज्यात झाला. आईवडील दोघेही शिक्षक होते. लहानपणी शाळेतील रसायनाच्या प्रयोगात स्फोट होऊन त्याच्या भावाच्या डोळ्यांना इजा झाली. गोऱ्यांच्या इस्पितळाने त्या मुलाला घेतले नाही आणि त्याची दृष्टी गेली. हाइम्स कॉलेजात गेला, पण तिथे टिकला नाही. जुगार, दारू, चोऱ्या सुरू झाल्या. १९२८ मध्ये एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाच्या घरात पिस्तूल दाखवून त्याने दागिने लुटले आणि ते विकायला गेला असता शिकागोत पकडला गेला. पोलिसांनी पाय बांधून उलटे टांगून कसे मारले, हे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. शिक्षा झाली वीस ते पंचवीस वर्षे सक्तमजुरीची. वय होते एकोणीस.

तुरुंगातच तो लेखक झाला. २१ एप्रिल १९३० रोजी ओहायोच्या त्या तुरुंगाला आग लागली. कोठड्या वेळेवर उघडल्या गेल्या नाहीत आणि तीनशेवर कैदी आतच मेले. हाइम्सने ती आग पाहिली आणि कथेत लिहिली. १९३४ मध्ये त्याची कथा 'एस्क्वायर' या बड्या मासिकात छापून आली, तेव्हा लेखकाच्या नावाच्या जागी होता त्याचा कैदी क्रमांक : ५९६२३. आपल्या वाचकाला याचे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही. साडेसात वर्षे भोगून १९३६ मध्ये तो पॅरोलवर सुटला.

त्यानंतरची वीस वर्षे त्याने 'गंभीर' लेखक होण्याचा प्रयत्न केला. युद्धकाळात लॉस एंजेलिसच्या जहाजबांधणी कारखान्यांत राबला. तिथल्या वर्णद्वेषावर 'इफ ही हॉलर्स लेट हिम गो' ही कादंबरी १९४५ मध्ये आली. १९४३ च्या जूनमध्ये त्याच शहरात गोरे नौसैनिक मेक्सिकन पोरांना रस्त्यावर नागवे करून झोडपत होते आणि पोलीस मार खाणाऱ्यांनाच अटक करीत होते. हाइम्सने 'द क्रायसिस' या मासिकात लिहून या दंगली निव्वळ वंशद्वेषाच्या आहेत असे ठणकावले. हे तेच मासिक, जे डू बॉइस यांनी १९१० मध्ये सुरू केले. ज्या डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. पण कादंबऱ्या लिहून हाइम्सचे पोट भरले नाही. पुस्तके गोऱ्यांना झोंबली आणि डाव्यांनाही रुचली नाहीत. १९५३ मध्ये तो देश सोडून फ्रान्सला गेला.

पॅरिसला गालिमार प्रकाशनाच्या रहस्यकथामालेचा संपादक मार्सेल ड्यूआमेल याने त्याला सांगितले, तू डिटेक्टिव्ह कादंबरी लिही. हाइम्सला पैशाची निकड होती. १९५७ मध्ये पहिली कादंबरी निघाली, १९५८ मध्ये तिला फ्रान्समधील रहस्यकथेचे मोठे पारितोषिक मिळाले, आणि १९६९ पर्यंत या मालिकेत आठ कादंबऱ्या झाल्या. त्या सगळ्या घडतात न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत; आणि त्यांत दोन काळे डिटेक्टिव्ह आहेत, कॉफिन एड जॉन्सन आणि ग्रेव्ह डिगर जोन्स. एकाच्या नावात शवपेटी, दुसऱ्याच्या नावात कबर खोदणारा. वस्तीने ठेवलेली ही नावे आहेत. त्यांत भीतीही आहे आणि एक प्रकारचा कडवट जिव्हाळाही आहे.

हे दोघे पहिल्यांदा वाचकासमोर येतात ते नाचघराच्या दारातील रांग सरळ करताना. एक ओरडतो नीट उभे राहा, दुसरा ओरडतो आकडे म्हणा. निकेलचा मुलामा दिलेली लांब नळीची पिस्तुले घेऊन ते आपल्याच लोकांना मोजत असतात. हे पान वाचले आणि मला 'फकिरा'तील हजेरी आठवली. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना पाटलापुढे, पोलिसापुढे रोज मोजून घ्यावे लागे. फरक एवढाच की हार्लेममध्ये मोजणारा मोजल्या जाणाऱ्यांच्याच रंगाचा आहे. हाइम्सच्या कादंबऱ्यांचा सगळा पेच या फरकात आहे.

हे डिटेक्टिव्ह धुतल्या तांदळासारखे नाहीत. जुगाराचे अड्डे, कुंटणखाने, आकडा लावणारे यांच्याकडून ते हप्ता घेतात; भुरटे चोर, ठग आणि वाटमारी करणाऱ्यांना मात्र झोडपून काढतात. लेखक हे लपवीत नाही आणि त्याची माफीही मागत नाही. गरिबाला लुबाडणारा गरीब त्यांना सर्वांत जास्त चीड आणतो. गोऱ्या वरिष्ठांना हार्लेम गप्प हवे आहे, आणि ते गप्प ठेवायला हे दोन काळे हवे आहेत.

हाइम्सने ही पात्रे शून्यातून काढलेली नाहीत. न्यूयॉर्कच्या पोलीस दलात सॅम्युएल बॅटल हा काळा शिपाई १९११ मध्ये भरती झाला. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले, तेव्हा त्याला दलात दोन वर्षे झाली होती आणि विद्यापीठाच्या टेकडीखाली हार्लेममध्ये काळ्यांची वस्ती वाढत होती. ठाण्यातील गोरे सहकारी बॅटलशी बोलत नसत. त्यांच्या खोलीत त्याला झोपायला जागा नव्हती. तो माळ्यावर, झेंडा ठेवण्याच्या जागी झोपे. देशाचा झेंडा जिथे ठेवायचा तिथे या शिपायाची खाट! पुढे तो सार्जंट झाला, लेफ्टनंट झाला. साहित्यातही हाइम्सच्या आधी रुडॉल्फ फिशर या काळ्या डॉक्टराने १९३२ मध्ये हार्लेमची रहस्यकथा लिहून काळा डिटेक्टिव्ह उभा केला होता. पण फिशरचे हार्लेम अजून हसते-खेळते आहे. त्याची कादंबरी आली आणि तीन वर्षांत हार्लेम पेटले.

ही हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण हाइम्सची गुरुकिल्ली तिच्यात आहे. १९ मार्च १९३५ रोजी १२५ व्या रस्त्यावरील क्रेसच्या दुकानात लिनो रिव्हेरा या सोळा वर्षांच्या पोर्टोरिकन मुलाने एक चाकू उचलला. दुकानातील माणसांनी त्याला धरले, झटापटीत तो चावला, पोलीस आले, आणि गर्दी नको म्हणून त्यांनी मुलाला मागच्या दाराने सोडून दिले. एक बाई ओरडली की पोराला मारताहेत. चावा बसलेल्यांसाठी रुग्णवाहिका आली, ती रिकामी परत गेली. त्यातच योगायोगाने एक शववाहिका तिथे येऊन थांबली. लोकांना वाटले, पोरगा मेला. रात्रभर दंगल झाली, तिघे मेले. मुलगा जिवंत आहे हे पटवायला पोलिसांनी काय करावे? त्यांनी लिनोला लेफ्टनंट बॅटलच्या शेजारी उभे करून फोटो काढला आणि तो प्रसृत केला. ज्या माणसाला ठाण्यात झोपायला जागा दिली नव्हती, त्याचा चेहरा आता सरकारला पुराव्यासाठी लागला.

महापौर ला गार्डिया यांनी चौकशी समिती नेमली. संशोधनाचे काम ई. फ्रँकलिन फ्रेझर या काळ्या समाजशास्त्रज्ञाकडे होते. अहवालाने सांगितले की दंगल कुणी कट करून घडवली नाही. नोकऱ्यांतील भेदभाव, घरांची दुर्दशा आणि पोलिसांची दांडगाई यांनी ती साचत आली होती. महापौरांनी अहवाल प्रसिद्ध केला नाही. १९३६ मध्ये 'ॲमस्टरडॅम न्यूज' या काळ्यांच्या वृत्तपत्राने तो छापला. १ ऑगस्ट १९४३ ला पुन्हा तेच घडले. एका हॉटेलात पोलिसाने काळ्या सैनिकाच्या खांद्यात गोळी घातली, सैनिक मेल्याची अफवा उठली, आणि या वेळी सहा जण मेले, सहाही काळे. दोन्ही वेळा अफवा खोटी होती. पोलिसी तपासाला एवढेच हवे असते : मुलगा जिवंत आहे, सैनिक जिवंत आहे, म्हणजे दंगलीला कारणच नव्हते. लोकांनी ती अफवा तत्क्षणी खरी का मानली, हा प्रश्न तपासाच्या कागदावर येत नाही. तो इतिहासकाराचा प्रश्न आहे, आणि माझे म्हणणे असे की हाइम्सने तो रहस्यकथेत आणला.

'द रियल कूल किलर्स' ही त्याची १९५९ ची कादंबरी पाहा. हार्लेमच्या रस्त्यावर एका गोऱ्याचा खून होतो. लगेच सगळी वस्ती वेढली जाते, प्रकाशझोत लागतात, घरोघर झडती सुरू होते. काळा मेला असता तर एक शिपाईही धावला नसता. सुरुवातीलाच कॉफिन एडच्या अंगावर एक पोरगा अत्तर उडवतो. पूर्वी त्याच्या तोंडावर कुणी ॲसिड फेकलेले आहे, त्या भीतीने तो पोराला गोळी घालतो. निलंबित होतो. खून झालेला गोरा काळ्या कोवळ्या मुलींना चाबकाने मारण्याची हौस भागवत होता, हे ग्रेव्ह डिगरला हळूहळू कळते. खून कुणी केला, हेही कळते. आणि तो ते वरिष्ठांना सांगत नाही. वरिष्ठांनाही एक मेलेला टोळीवाला पोरगा आरोपी म्हणून पुरेसा असतो. गुन्हेगार सापडला, पण कायद्याला दिला नाही. कारण हा कायदा त्या मुलींच्या मदतीला कधीच आलेला नव्हता.

'कॉटन कम्स टू हार्लेम' १९६५ ची. तिच्यामागे मार्कस गार्वीच्या 'आफ्रिकेला परत चला' या चळवळीची आठवण आहे. गार्वीने १९१९ मध्ये जहाज कंपनी काढली, गरिबांनी पै-पैसा घातला, १९२३ मध्ये तो फसवणुकीच्या खटल्यात दोषी ठरला आणि १९२७ मध्ये त्याला हद्दपार केले. हाइम्सच्या कादंबरीत एक भोंदू पाद्री याच स्वप्नावर सत्त्याऐंशी कुटुंबांचे प्रत्येकी हजार डॉलर गोळा करतो. पैसे लुटले जातात आणि कापसाच्या एका गाठीत दडतात. दुसरीकडे दक्षिणेतला एक गोरा कर्नल काळ्यांना पुन्हा कापूस वेचायला चला म्हणून बोलावतो आहे. एक आफ्रिकेचे स्वप्न विकतो, दुसरा गुलामीचे, मधे लोक. शेवटी दोघे डिटेक्टिव्ह खुनी कर्नलला सोडून देतात, पण त्याच्याकडून सत्त्याऐंशी हजार वसूल करून गरिबांना परत देतात. कर्नल अलाबामाला पळतो आणि ते राज्य त्याला परत पाठवायला नकार देते; काळ्याला मारणे हा त्यांच्या कायद्याने गुन्हाच नाही, असे ते कळवते. वाचक हसतो आणि मग हसल्याची लाज वाटते. या कादंबरीवर ऑसी डेव्हिस याने १९७० मध्ये चित्रपट काढला. लूट मूळ मालकाला परत जाते असा शेवट या मालिकेत दुर्मिळ आहे. तो कायद्याने नव्हे, सौद्याने झालेला आहे, हे हाइम्स विसरू देत नाही.

यात मला खटकते तेही सांगितले पाहिजे. हाइम्सच्या स्त्रिया बहुधा मोहिनी तरी असतात किंवा मार खाणाऱ्या तरी. हार्लेमचे पुरुष ज्या नजरेने त्यांच्याकडे पाहतात, त्याच नजरेने लेखकही पाहतो. शिवाय त्याचा पहिला वाचक फ्रेंच होता. काळ्यांचे विचित्रपण, त्यांचे मटण, त्यांचे मंत्रतंत्र त्याला चवीने वाढावे असा मोह अनेक ठिकाणी दिसतो. हार्लेममध्ये हाइम्सचे वास्तव्य तसे तुटकच होते. पॅरिसच्या हॉटेलात बसून रचलेली ही वस्ती आहे. आपल्या काही आत्मकथनांवरही पांढरपेशा वाचकाला चटका देण्यासाठी लिहिल्याचा आरोप झाला. त्यामुळे या मुद्द्यावर मी हाइम्सला झोडपायला फार उतावीळ नाही.

१६ जुलै १९६४. नागरी हक्कांचा कायदा होऊन दोन आठवडे झाले होते. न्यूयॉर्कमध्ये जेम्स पॉवेल या पंधरा वर्षांच्या काळ्या मुलाला कामावर नसलेल्या एका गोऱ्या पोलीस लेफ्टनंटने गोळी घातली. या वेळी मृत्यूची अफवा नव्हती. मुलगा खरोखर मेला होता. हार्लेममध्ये निषेधसभा झाल्या, मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला, आणि अनेक रात्री रस्ते पेटत राहिले. त्या लेफ्टनंटवर खटला भरायला ग्रँड ज्युरीने नकार दिला. यानंतर देशभर शहरे पेटत गेली.

या पार्श्वभूमीवर १९६९ मध्ये 'ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल' आली, आणि तिच्यात रहस्यकथाच मोडून पडली. एका गोऱ्याच्या खुनाचा माग वर जाऊ लागताच तपास डिटेक्टिव्हांकडून काढून घेतला जातो. त्यांना नवे काम मिळते : दंगली कोण भडकावतो ते शोधा. तीन मोर्चे निघतात, एक गोऱ्या-काळ्यांच्या बंधुत्वाचा, एक काळ्या सत्तेचा, एक काळ्या येशूचा, आणि तिन्ही एकाच चौकात एकमेकांवर आदळतात. चळवळीच्या पुढाऱ्यांना हाइम्स सोडत नाही. त्यांतला एक तर शुद्ध धंदेवाईक आहे. दंगलीचा सूत्रधार कोण असे वरिष्ठ विचारतात तेव्हा दोघे लिंकनचे नाव घेतात : गुलाम मोकळे केले, पण त्यांच्या पोटाची व्यवस्था केली नाही. वरिष्ठांना हा विनोद वाटतो. १९३५ च्या अहवालात फ्रेझरने याहून वेगळे काय लिहिले होते?

शेवटी एक आंधळा माणूस भुयारी रेल्वेत पिस्तूल काढून आवाजाच्या रोखाने गोळी झाडतो. मरतो भलताच. तो वर रस्त्यावर येतो आणि गोरे पोलीस त्याला ठार करतात. क्षणात बातमी पसरते की पोलिसांनी निरपराध काळा मारला, आणि दंगल पेटते. ते दोघे डिटेक्टिव्ह त्या वेळी काय करीत असतात? पाडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून पळणारे उंदीर आपल्या त्या लांब पिस्तुलांनी टिपत असतात. पहिल्या पुस्तकात सगळ्या वस्तीला रांगेत उभे करणारी माणसे आता उंदीर मारण्यापुरती उरली. खून कुणी केले, हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही. अनेक समीक्षकांना हा दोष वाटला. मला वडिलांचे पाने फाटलेले अर्नाळकर आठवले.

हे सारे मी एवढ्या आस्थेने का लिहितो, ते सांगतो. माझा एक विद्यार्थी फौजदार झाला. आमच्याच वस्तीतला, घरातला पहिला पदवीधर. खाकी वर्दी घालून पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या आईने त्याला ओवाळले होते आणि गल्लीतल्या पोरांनी पेढे वाटले होते. काही वर्षांनी एका अत्याचाराच्या निषेधात मोर्चा निघाला आणि त्याला बंदोबस्ताला लावले. आमच्या लोकांचा मोर्चा म्हणून मुद्दामच लावले, असे त्याचे म्हणणे. मी मोर्चात होतो, तो दोरखंडाच्या पलीकडे. पुढच्या रांगेतील पोरांनी त्याला ओळखले. आधी 'दादा, जय भीम' म्हणाले. दोरखंड सुटला नाही तेव्हा 'गद्दार' म्हणाले. मी काहीच म्हणालो नाही.

रात्री तो घरी आला. साध्या कपड्यांत होता. म्हणाला, "सर, इकडं मी साहेबांचा माणूस, तिकडं साहेब म्हणतात तुमचे लोक आवरा. तुम्ही सांगा, मी कुणाचा?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. टेबलावर हाइम्स पडला होता, म्हणून मी त्याला या दोन डिटेक्टिव्हांची गोष्ट सांगत बसलो. त्याने रांग मोजण्याचा प्रसंग दोनदा सांगायला लावला.

"मग शेवटी त्या दोघांचं काय झालं, सर?"

हाइम्सने 'प्लॅन बी' नावाची आणखी एक कादंबरी लिहायला घेतली होती. ती त्याने पुरी केली नाही. १९८३ मध्ये ती फ्रेंचमध्ये निघाली, पुढच्या वर्षी हाइम्स स्पेनमध्ये वारला, आणि इंग्रजीत ती यायला १९९३ साल उजाडले. तिच्यात काळ्यांचा सशस्त्र उठाव आहे. त्याचा सूत्रधार एक काळा आहे आणि हे दोघे त्याच्यापर्यंत पोहोचतात. कॉफिन एड कायद्याच्या बाजूने उभा राहतो. ग्रेव्ह डिगर आपल्या जन्माच्या जोडीदाराला गोळी घालतो, आणि ज्याला वाचवण्यासाठी घातली तोच मग ग्रेव्ह डिगरला मारतो.

हे ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. माझ्या बायकोने चहा आणला, तो त्याने थंड होऊ दिला. उठताना म्हणाला, "पुस्तक नेतो, सर. इंग्रजी जमेल तसं वाचीन." त्याला सहा महिने झाले. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे.